मित्राने केलेला प्रीअ‍ॅम्प

नोकरीत माझं काम चुका काढण्याचं होतं. खोपोलीच्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो. लाईनवरून आलेला माल हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा आणि बसला नाही तर लाल खडूने फुली मारायची. ज्याच्या मालावर फुली पडे तो आठवडाभर माझ्याशी बोलत नसे. मला त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी फार गोड बोलायला लागला की मी त्याच्या मालाचा ढीग दुसऱ्यांदा उपसून बघायचो. निवृत्त झालो, खडू सुटला, स्वभाव काही सुटला नाही. भाजीवालीने आपणहून चार मिरच्या जास्त टाकल्या की मी घरी येऊन आधी टोमॅटो उलटेपालटे करून बघतो. बायको म्हणते, "तुम्ही प्रसादाचा शिरासुद्धा आधी हुंगून बघाल." तिला मी अजून सांगितलेलं नाही, पण एकदा बघितलाय.

त्याच कारखान्यात माझा एकुलता एक मित्र होता. एकुलता एक म्हणायचं कारण उघड आहे, तपासनिसाला मित्र नसतात. तो इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता, मूळचा खालापूरकडच्या एका गावचा, भातशेतीवाल्या घरातला. हात असा की जळालेली मोटर उघडली तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटावं, हा फणस सोलतोय. आम्हाला जोडणारी गोष्ट एकच, जुन्या रेकॉर्डी. मी कर्जतला भिसेगावात राहतो, तो खोपोलीत. दर रविवारी सकाळी तो कापडी पिशवीत पाचसहा रेकॉर्डी घेऊन माझ्याकडे यायचा, कारण तबकडी फिरवायचं यंत्र माझ्याकडे होतं. दुपारी जेवून जायचा. पंधरासोळा वर्षं हा क्रम चालला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा रेकॉर्डीसाठी असलेला भाग गेला. म्हणजे रेडिओ वाजायचा, मोबाईल जोडला तर तोही वाजायचा, पण रेकॉर्ड लावली की एका बाजूने चरचर आणि दुसऱ्या बाजूने काहीच नाही. ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेकॉर्डीच्या सुईतून निघणारा आवाज फार बारीक असतो, आणि त्यात खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम जास्त कोरलेले असतात, नाहीतर तबकडीवर जागाच पुरायची नाही. तो आवाज वाढवायचा आणि ते उलटंसुलटं पुन्हा सरळ करायचं, हे काम एका छोट्या डब्याचं. त्याला फोनो प्रीअ‍ॅम्प म्हणतात. पूर्वी तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच असायचा. आता वेगळा मिळतो, आणि त्याच्यावर लोक इतकं लिहितात की वाचताना डोळे दुखायला लागतात.

मित्र म्हणाला, "विकत कशाला आणतोस? मी करतो. हा एक करतो आणि मग पुरे. डोळा आता साथ देत नाय."

त्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. हातही पूर्वीइतका स्थिर नव्हता, चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण व्हायची. मी हो म्हणालो. त्याच्या बायकोने मला नंतर फोनवर सांगितलं की ते रोज सकाळी ऊन असेपर्यंत खिडकीत बसतात, भिंग लावून सोल्डरचा एकेक टाका घालतात, आणि मधे कोणी बोललं तर ओरडतात. जन्मात न ओरडलेला माणूस.

आणि मी काय करत होतो? मी दुसरा शोधत होतो. एकाच मालाची तपासणी ही तपासणी नव्हे, शेजारी दुसरा ठेवल्याशिवाय पहिल्याची किंमत कळत नाही, असं मी स्वतःला समजावलं. महिनाभर इंटरनेटवर वाचत बसलो. एक जण लिहितो, अमुक डब्यातून गाणारी बाई दोन पावलं पुढे येते. दुसरा लिहितो, त्याच डब्यातून ती भिंतीमागे जाते. मला दोघांचाही संशय आला. ज्याचं सगळे कौतुक करतात तो डबा मी तिथेच बाद केला, आणि ज्याला निम्मे लोक शिव्या देतात तो परदेशी बनावटीचा, तळहाताएवढा डबा मागवला. मित्राला यातलं काही सांगितलं नाही.

याच काळात मी शेजारणीशी भांडण उकरून काढलं होतं. ते आत्ता सांगायला हवं, कारण त्याचा या डब्यांशी संबंध आहे, आणि तो मला कळायला फार उशीर झाला.

शेजारचं घर जुन्या रहिवाशांचं. माझ्या कुंपणाला लागून त्यांची भांडी घासायची जागा. शेजारीण दिवसातून तीनदा तिथे बसून भांडी घासायची, आणि ते पाणी उतारावरून माझ्या हद्दीत येऊन मुरायचं. घर बांधल्यापासून मुरत होतं. मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. पण गेल्या काही वर्षांत कर्जतच्या जमिनीचे भाव चढून तिला जे पाय फुटले त्यात सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. कोणाची मोजणी आली की अख्खी आळी टेपकडे बघत उभी राहते. अशात एक दिवस मला त्या ओल्या पट्ट्यात माझ्या बाजूला अळू उगवलेलं दिसलं. छान, टपोरं, काळ्या देठाचं. मी लगेच ताडलं. आज अळू, उद्या केळ, परवा केळीला आधार म्हणून बांबू, आणि तेरवा बांबूवर पत्रा. बांध कोरायचा तर असाच कोरतात.

मी तिला बोललो. ती हातातलं पातेलं खाली न ठेवता म्हणाली, "भाऊ, पानीच हाय ते. मातीत जातंय. आमी काय तुमची जमीन खातो काय?"

जी माणसं खात नाहीत ती असं विचारत नाहीत, असं माझं तेव्हाचं मत होतं. दिवाळी झाल्यावर मी गवंडी बोलावला, कुंपणाला लागून कमरेएवढी भिंत घातली आणि पलीकडे स्वतःच्या खर्चाने सिमेंटची नाली काढून तिचं पाणी थेट रस्त्याच्या गटारात सोडलं. अळू आठवड्यात माना टाकून बसलं. बायको त्या दिवसांत माझ्याशी फारशी बोलली नाही. तिचं आणि शेजारणीचं पापड लाटण्यापासूनचं सख्य होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मित्राचा डबा आला. तो स्वतः येणार होता, पण दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून त्याने खोपोली-कर्जत रोज फेऱ्या मारणाऱ्या एका टेंपोवाल्याबरोबर तो पाठवला, जुन्या रजईच्या तुकड्यात गुंडाळून. उघडला तेव्हा मी क्षणभर तपासनीस राहिलो नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी, कडा कानसून गुळगुळीत केलेल्या, आत टाके एका ओळीत. तीन पिनांची जाड वायर. मागे रेकॉर्ड प्लेअरची अर्थची तार बांधायला पितळी स्क्रू. शेजारी परदेशी डबा ठेवला तर तो मोबाईलच्या चार्जरसारखा दिसत होता, आणि त्याची वायरही तशीच, दोन पिनांची.

रविवारी सकाळी तुलना केली. मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, बायकोने मागे वायरी बदलायच्या, कुठला डबा लावलाय ते सांगायचं नाही. एक जुनी नाट्यगीतांची रेकॉर्ड निवडली, जिचा प्रत्येक चरा मला पाठ आहे. पण सगळा बेत पहिल्याच मिनिटात फसला. सुई टेकायच्या आधीच एका डब्यातून घूं असा आवाज आला, रिकाम्या हंड्यात तोंड घालून कोणी हुंकार भरावा तसा. दुसरा गप्प. कुठला कोणाचा हे ओळखायला भिंतीकडे बघत बसण्याची गरजच नव्हती.

मी वहीत मित्राच्या नावापुढे फुली मारली. लाल पेनाने. घरात लाल पेन नव्हतं, ते शोधून काढलं.

गाणं सुरू झाल्यावर मात्र एक गोष्ट झाली, जी मी वहीत लिहिली नाही. मित्राच्या डब्यातून, त्या घूंच्या वर, गाणारी बाई तानेच्या आधी श्वास घेताना ऐकू आली. पेटीचा भाता कुठे उघडतो, कुठे मिटतो ते कळलं. डग्गा पोटात लागला. परदेशी डब्यातून तेच गाणं स्वच्छ आलं, घडी घालून इस्त्री केल्यासारखं, पण त्या बाईला श्वास लागतो हे कळायला मार्ग नव्हता.

बायको वायर हातात धरून म्हणाली, "मागे घुमतंय खरं. पण बाई इथे बसून गातेय असं याच्यातच वाटतं."

"तुला माहीत आहे तो कोणाचा आहे, म्हणून तसं वाटतं," मी म्हणालो.

संध्याकाळी मी मित्राला फोन केला. आधी ऑपरेशनची चौकशी केली, एवढी माणुसकी होती. मग सांगितलं की डब्यातून घूं असा हम येतो. तो म्हणाला, "माझ्याकडं तर एकदम शांत व्हता." मला हे वाक्य चांगलं ओळखीचं. ज्याच्या मालावर फुली पडते तो पहिलं हेच म्हणतो. मी विचारलं, "कंडेन्सर भंगारातले टाकलेस का? आपल्या कारखान्याच्या स्टोअरमधले जुने?"

तो म्हणाला, "नाय रं. सगळे नवे आणलेत, मुंबईहून." आणि मग अगदी हळू, मला दुखावू नये अशा बेताने विचारलं, "घरचं अर्थिंग बघितलंस का?"

"बघितलं," मी म्हणालो.

मी बघितलं नव्हतं. जागेवरून उठलोही नव्हतो. दुसरा डबा त्याच बोर्डावर गप्प वाजतोय, मग अर्थिंगला काय धाड भरलीय, असा माझा हिशेब. चौतीस वर्षांत गेज लावल्याशिवाय मी एका तुकड्यावर सही केली नव्हती. आयुष्यात एकदाच केली, ती मित्राच्या विरुद्ध.

आणि त्याने माझा शब्द घेतला. कुठे बघितलंस, कसं बघितलंस, काही विचारलं नाही. "मग माझंच कायतरी चुकलं असंल," म्हणाला. "पाठव परत." मी त्याच टेंपोवाल्याबरोबर डबा परत पाठवला. रजईचा तुकडाही.

पुढचे रविवार रिकामे गेले. तो म्हणायचा, डोळ्याला धूळ सोसत नाही. मी म्हणायचो, बरं. आणि मनात म्हणायचो, पकडला गेला म्हणून येत नाही. एकदा संशयाला वाट मिळाली की तो थांबत नाही. डबा त्याने स्वतः केला तरी होता का? अशा तयार पेट्या हल्ली मिळतात. त्याच्या बायकोचा तो फोन, भिंग, खिडकी, हे सगळं आधी ठरवून तर नव्हतं? आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण मी हे सगळं मनात आणलं होतं, आणि एकदा नाही. परदेशी डबा मी ऐकत राहिलो. एकही रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकवत नव्हती. कंटाळा रेकॉर्डीचा येतोय असं मला वाटायचं.

मे महिन्यात बायकोला फ्रीजचा झटका बसला. मोठा नाही, पण अनवाणी उभी होती, हात लावला आणि "आई गं" करून मागे सरली. मी घरच्या वायरमनला बोलावलं. माझ्याच वयाचा माणूस, घर बांधलं तेव्हाचं सगळं वायरिंग त्यानेच केलेलं. त्याने एक बल्ब होल्डरला लावून आणला होता. एक वायर फेजला आणि दुसरी अर्थला लावली. बल्ब नीट पेटायला हवा होता. त्याची फक्त तार लाल झाली.

"अर्थिंग मेलंय," तो म्हणाला. "पानी घालता काय खड्ड्यात?"

कुठला खड्डा, हेच मला आठवेना. तो मला हाताला धरून कुंपणाकडे घेऊन गेला. नव्या भिंतीच्या कडेला मी कुंड्या मांडल्या होत्या. त्याने दोन कुंड्या उचलल्या, खाली झाकण निघालं. मीठ आणि कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरलेला खड्डा. माती हाताने उकरली तर विटेच्या भुकटीसारखी सुटी झाली.

"इथं कायम ओल असायची," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हनून तर मी इथं घातलं. उन्हाळ्यात बी कोनी पानी घालायला नको. ओल गेली कुठं?"

बायको मागे येऊन उभी होती. तिने नव्या भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे शेजारीण भांडी घासत होती, तिचं पाणी खळखळत नालीतून रस्त्याकडे निघालं होतं. तिने आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं. पातेलं पालथं घालून ती म्हणाली, "भाऊ, म्हंजे आमचं खरकटं पानी तुमाला लागत व्हतं तर!" आणि मोठ्याने हसली. मला हसता आलं नाही.

मी वायरमनला विचारलं की अर्थिंग मेलेलं असताना एक डबा घुमतो आणि एक घुमत नाही, असं होईल का. त्याने विचारलं, पिना किती. मी सांगितलं. "दोन पिनांचा अर्थला शिवतच नाय," तो म्हणाला. "त्याला फरक पडनार नाय. तीन पिनांचा त्याच्या भरवशावर असतोय."

पाच बादल्या पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी बल्ब लख्ख पेटला. खात्री करायला मित्राचा डबा हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता. मला खरं तर खात्रीची गरज उरली नव्हती. जन्मात पहिल्यांदा.

दुपारच्या गाडीने खोपोलीला गेलो. डब्यात मी आणि दोन माणसं. वाटेत काय बोलायचं ते तीनदा ठरवलं, तिन्ही वेळा त्यात कुठे ना कुठे परदेशी डब्याला, वायरमनला किंवा दोन पिनांना दोष जात होता.

दार त्याच्या बायकोने उघडलं. तो खिडकीतच बसला होता, डोळ्याला हिरवा चष्मा. समोर स्टीलचं ताट. ताटात त्याचा डबा होता, म्हणजे डब्याचं जे काही उरलं होतं ते. एकेक कंडेन्सर, एकेक रेझिस्टर सोडवून रांगेत मांडलेला, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर मोजलेला आकडा. अ‍ॅल्युमिनियमची पेटी रिकामी, भिंतीला टेकवून ठेवलेली.

"दोन महिनं हेच चाललंय," त्याची बायको म्हणाली. "डॉक्टर नको म्हनला तरी."

"ये, बस," तो म्हणाला. "सगळं मोजलं. एक बी खराब नाय निघाला." मग हात समोर धरून त्याने ते असे बघितले, जसे दुसऱ्याचे असावेत. "म्हंजे माल चांगला, जोडनी वाईट. मला आता टाका घालता येत नाय. सोल्डरिंगची गन-बिन सगळी पुतन्याला देऊन टाकली. बरं झालं तू सांगितलंस. दुसऱ्या कोनाचं काम घेतलं असतं तर इज्जत गेली असती."

मी ठरवलेलं सगळं विसरलो. सरळ म्हणालो, "डबा चांगला होता. माझ्या घरचं अर्थिंग मेलेलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी बघितलं नव्हतं. बघितलं म्हणून खोटं सांगितलं."

मला वाटलं, आता हा मला घालवून देईल. द्यायला हवं होतं. पण त्याने विचारलं, "म्हंजे माझं काय चुकलं नव्हतं?"

"नाही."

"जोडनी बरोबर व्हती?"

"बरोबर होती. त्यातून बाईचा श्वास ऐकू येत होता. मी तुला सांगितलं नाही."

तो उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. "अगं, ऐकलंस काय? हात चांगले हायेत माझे!" आतून ती म्हणाली, "ऐकलं." तिच्या आवाजात माझ्यासाठी काय होतं ते मला बरोबर कळलं. चहा मात्र तिने दिला.

डबा त्याने पावसाळ्यात पुन्हा जोडला. पुतण्याकडून सामान परत आणलं, डोळाही सुधारला. आता तोच डबा माझ्याकडे वाजतो, आवाज करत नाही, आणि रविवार पुन्हा सुरू झालेत. तो रागावलेला नाही. मी शोधून बघितलं, खरंच नाही.

फक्त एक झालंय. मी काही सांगितलं, अगदी साधं, की गाडी वेळेवर आहे, की मी जेवलोय, की सुई नवी घातलीय, तर तो पूर्वीसारखी मान हलवत नाही. क्षणभर थांबतो आणि विचारतो, "नक्की?" इतक्या वर्षांच्या ओळखीत हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. गेल्या रविवारी मी रेकॉर्ड पुसून ठेवली म्हणून सांगितलं, तर त्याने 'नक्की?' असंही विचारलं नाही. ती उचलून खिडकीपाशी नेली, उजेडात तिरपी धरली आणि स्वतः बघितली.